चार बोटांची वाट

उमरेड,
दि. १६ जानेवारी १९८५

चि. उत्तराबाई,

आशीर्वाद. तुहं पत्र ऐन संक्रांतीच्या दिवशी आलं. मी वाणाच्या गडबडीत होती, म्हणून ते तुह्या मायच्या, आत्याबाईच्या हाती पडलं. त्याईले वाचता येत नाही हे अख्ख्या गल्लीले माहीत आहे. तरी पाकीट पदराखाली घेऊन चार घरं फिरून आल्या. "माह्या उत्तराचं पत्र हाय. उमरेडात मेळावा घेऊन राहिली पोरगी." रुखमाबाईच्या ओट्यावर एकदा वाचून घेतलं, तिच्या सुनेकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं, आणि घरची सून म्हणून मले ते दिवे लागल्यावर भेटलं. त्यावर तिळगुळाचे दोन डाग आहेत. ते माहे नाहीत.

तर समजलं सगळं. दहा फेब्रुवारीले, रविवारी, शाळेच्या पटांगणात तुमच्या संस्थेचा मेळावा. झाडं जगवा, धूर हटवा. पेटीत उन्हावर भात शिजवून दाखवणार, शेणाच्या गॅसवर चहा करणार, रोपं वाटणार, आणि उन्हाळा दरसाल काहून वाढून राहिला ते तक्त्यावर लिहून सांगणार. आणि मधोमध तू चूल घालणार. धूर न होणारी, दोन तोंडाची, धुराड्याची. त्यावर पहिली भाकर तुह्या मायच्या हातची.

मंग खाली माहं काम लिहिलं. "वहिनी, तू फक्त दोन टोपली पिवळी माती चाळून ठेव, मातीत मळायला कुटार-भुसा आणि शेण पाहून ठेव. चूल मी स्वतः घालीन, तिचं माप असतं."

माप असतं! माय वं, हे मले आजच समजलं. अठरा वर्षांपूर्वी मी या घरात आली तवा तू आठ वर्षांची होती. भातुकलीसाठी रडत होती म्हणून परसातल्या मातीची तळहाताएवढी चूल मी तुले घालून देली होती. तिचंबी माप होतं, तुह्या बाहुलीच्या भांड्याचं. तवापासून या गल्लीत कोणाची नवी सून आली, कोणाचं घर वेगळं निघालं, की बाया मलेच बोलावतात. माही चूल भेगाळत नाही असं म्हणतात. तू पंधरा दिवसांचं शिबिर केलं आणि माह्याकडे माती चाळणं आलं.

राग नको मानू. मी गंमत करून राहिली.

त्या कात्रणाचं सांगायचं राहिलं. पेपरात तुहा फोटो आला होता ना, हातात थापी घेतलेला? तो आत्याबाईनं पिठाच्या डब्यावर खळीनं चिकटवला. दिवसातून दोनदा मी पीठ काढते, दोनदा तू मले हसून दाखवते. खाली छापलं आहे, "ग्रामीण भगिनींची मैत्रीण". चांगलं छापलं. सातवीत मी केंद्रात दुसरी आली होती, हे तुले माहीत आहे काय? नसंलच, कोणी सांगतलं असंल? तू मॅट्रिक झाली आणि नागपूरले मावशीकडे निघाली, तवा तुही ट्रंक डोक्यावर घेऊन एसटी स्टँडवर मीच आली होती. आत्याबाई रडत होत्या. मी रडत नव्हती. गाडीत किती जागा रिकाम्या आहेत ते पाहून राहिली होती.

माती चाळून ठेवते. तिकडं नागपूरले प्रताप नगरात थंडी असंल, कानाले बांधत जा.

तुही,
वहिनी

उमरेड,
दि. ८ फेब्रुवारी १९८५

चि. उत्तराबाई,

तुही चूल चांगली सुकून राहिली आहे. भेग नाही. काळजी नको.

मेळाव्यापर्यंत सुकावी म्हणून गेल्या रविवारी तुम्ही सगळे आले, चूल घातली, चहा पिऊन गेले, आणि त्या गडबडीत एक गोष्ट बोलायची राहून गेली. तुह्या संस्थेच्या शोभाताईनं तुले विचारलं, "ह्या कोण?" तू म्हणाली, "ही माझी वहिनी." बस, तेवढंच. "हो का" म्हणून त्याईनं माह्या हाती बादली देली, "जरा पाणी आणता का?" मी आणलं. पाणी आणायले कोणाचं नाव विचारावं लागत नाही. पण मले वाटलं होतं तू पुढं एखादा शब्द बोलशील. पहिली चूल हिनंच दाखवली मले, असं काही. बादली भरेपर्यंत मी वाट पाहून राहिली.

माती मात्र तू छान मळली. मी पाहून राहिली होती. मनगट माह्यासारखंच फिरवते तू, हे तुले समजते की नाही कोण जाणे. मंग पुढच्या तोंडातून मागच्या तोंडाकडे जाणारी ती वाट केली, आणि तिच्या तोंडाशी ओल्या मातीत आपली चार बोटं दाबून ठसा ठेवला. बायाईले म्हणाली, "ही वाट चार बोटांची. एवढी राहिली तर धूर धुराड्यातून वर जातो. कमी झाली की उलटा घरात येतो." भैय्याजीनं टाळ्या वाजवल्या. महिला मंडळाचा मेळावा आणि स्वागताध्यक्ष भैय्याजी! आपल्या घरची चूल कोणत्या कोपऱ्यात आहे हे त्या माणसाले ठाऊक नसंल.

जाताना तू म्हणाली, "वहिनी, राखण कर." करून राहिली. रोज सकाळी पटांगणात जाते, बकऱ्या हाकलते आणि पोतेरं देते. आता तू म्हणशील पोतेरं कशाले? अवं, चूल घरातली असो की मेळाव्याची, सकाळी तिच्यावर शेणामातीचा ओला हात फिरल्याशिवाय तिच्यापुढं कोणी बसते काय? पांढरी पडलेली चूल पाहून बाया म्हणतील, जिजाबाईची लेक शिकली आणि पोतेरं विसरली. म्हणून हात फिरवते. तुह्या बोटांचा ठसा त्यात झाकून गेला. त्याले काही इलाज नाही.

आत्याबाई दिवस मोजून राहिल्या. नवं लुगडं काढून ठेवलं आहे. काल म्हणाल्या, "चाळीस वर्षं धूर पिली मी. माही लेक तो बंद करून राहिली." मी भाकर थापत होती. अठरा वर्षं झाली, त्याईले चुलीपुढं बसू देत नाही मी, घरातला सगळा धूर मीच घेते. पण तो धूर बंद झालेला कोणाले दिसत नाही, त्याचा फोटोबी निघत नाही.

रविवारी ये. सगळं तयार आहे.

तुही,
वहिनी

उमरेड,
दि. १३ फेब्रुवारी १९८५

चि. उत्तराबाई,

तू न जेवता गेली. तोंड धुवायलेबी थांबली नाही, गालावर काजळी तशीच होती. एसटीत लोकाईनं पाह्यलं असंल. तुह्या दादानं मागून हाक मारली होती, तुले ऐकू आली नसंल.

आत्याबाई आता बऱ्या आहेत. दोन दिवस खोकला थांबत नव्हता. डॉक्टरनं इंजेक्शन देलं, म्हणाले छाती आधीच धुरानं पोखरली आहे, एवढा धूर एकदम गेला म्हणून उबळ आली. आज पेज घेतली. तुले कळवू नको म्हणाल्या, पण कळवते.

झालं ते झालं. तुही काही चूक नाही. वारा उलटा होता असं भैय्याजी म्हणतात. रुखमाबाई म्हणते पऱ्हाटीचं सरपण ओलसर होतं. मी काही म्हणत नाही. मापात एखादं बोट इकडंतिकडं झालं असंल, माणसाच्या हातून होते.

तू डोळ्याले पदर लावून होती, तुले पुढचं दिसलं नसंल, म्हणून लिहिते. तू काडी लावली तवा सगळं पटांगण शांत होतं. चारशे बाया असतील. आत्याबाई नवं लुगडं नेसून, तवा समोर घेऊन नवरीसारख्या बसल्या होत्या. धूर आधी धुराड्यातून थोडासा गेला, तुहं तोंड फुललं, आणि मंग एकदम पुढच्या तोंडातून काळा लोटच आला. थेट त्याईच्या तोंडावर. तू फुंकणी घेतली, फुंकून फुंकून अजून वाढवला. शोभाताई म्हणाल्या, "उत्तरा, बाजूला हो." आधी पोट्टे हसले, मंग बाया हसल्या. हसल्या म्हणजे काय, खोकत खोकत हसल्या. पोराईच्या त्या तक्त्यावर लिहिलं होतं "धूर गेला, आरोग्य आलं". त्याच्यावरच काजळी बसली.

मंग मी तीन दगड मांडले. धूर वाऱ्यावर उभा निघून जाईल असे मांडले, ते मले समजते. अर्ध्या घंट्यात पाहुण्याईच्या भाकरी टाकून देल्या. भैय्याजी माइकवर म्हणाले, "वहिनींनी आज उमरेडची लाज राखली." रुखमाबाई म्हणाली, "जिजाबाईच्या सुनेनंच घातली असती तर बरं झालं असतं." खोटं काहून बोलू उत्तराबाई, मले बरं वाटलं. आंघोळ केल्यासारखं हलकं वाटलं. ते अर्धा घंटा टिकलं. घरी आली तर आत्याबाई भिंतीले टेकून श्वास शोधत होत्या.

पिठाच्या डब्यावरचं कात्रण तसंच आहे. मी काढलं नाही.

पत्र टाक.

तुही,
वहिनी

उमरेड,
दि. ४ मार्च १९८५

उत्तराबाई,

मी धाडलेल्या पत्राचं उत्तर नाही, आणि दादाले पोस्टकार्ड. वहिनीले निरोपबी नाही त्यात. बरं.

कार्ड मी वाचलं, उघडंच असते ते. "माझं माप चुकलं. आईच्या छातीला जे झालं ते माझ्यामुळे. येत्या पंचवीस तारखेला संस्थेची बैठक आहे, त्यात मी सांगणार आहे की उमरेडमध्ये घरोघर घालायच्या साठ चुली रद्द करा आणि मला या कामातून मोकळं करा. मला हे येत नाही." तुह्या दादानं दोनदा वाचलं आणि बाहेर निघून गेले. मी आत्याबाईले वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "माह्या पोरीचा हात खोटा नव्हता."

काम सोडून काय करशील वं? पोट्टी, सव्वीस वर्षांची आहेस. मावशीनं आणलेलं ते स्थळ, ज्याले तू दोनदा नाही म्हटलं, त्याच्या घरात जाऊन भाकरी थापशील? मी थापून राहिली तशा?

बरं, आता दुसरी गोष्ट. ती लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं.

मी घरात तशी चूल घातली. तुही. मेळाव्याच्या पुढच्या आठवड्यात घातली, सांगतलं नाही कोणाले. काहून घातली ते विचारू नको. खरं सांगू? तुले दाखवायचं होतं. म्हटलं, शिबिर न करता, सर्टिफिकेट नसता, एकदा पाहून घालते मी, आणि ती चालते. तुमच्या संस्थेचं ते धुराड्याचं नळकांडं पटांगणात पडून होतं, ते भैय्याजीले विचारून आणलं. वाट चार बोटांची ठेवली. माही बोटं जाड, म्हणून अंदाजानं थोडी कमी धरली, तुह्या बोटाइतकी.

आणि ती चालली, उत्तराबाई.

पहिल्या दिवशी मी काडी लावली आणि सवयीनं डोळे बारीक केले. धूर आलाच नाही. भाकर होऊन गेली, वरण मागच्या तोंडावर शिजून गेलं, सरपण अर्धंच लागलं, आणि माहे डोळे कोरडे. मले काय करावं समजेना. मी तिथंच बसून राहिली. आत्याबाई दारातून पाहून राहिल्या होत्या. हळूच आत आल्या, पाटावर बसल्या, आणि खोकल्या नाहीत. म्हणाल्या, "उत्तराची चूल आहे ही."

घातली मी. म्हणाल्या उत्तराची.

मी चिमटा आपटला. तरी मनातून मले माहीत होतं की त्या बरोबर बोलल्या. माप तुहं होतं. मंग मेळाव्यात काहून धूर झाला, हे तू मले विचारशील. आज नको विचारू.

तुही,
वहिनी

उमरेड,
दि. २० मार्च १९८५

उत्तरा,

हे पत्र नत्थू कंडक्टरच्या हाती देऊन राहिली. सकाळच्या गाडीनं तुले आजच भेटेल. सोबत एक दांडकं आहे, फेकू नको. पूर्ण वाचल्याशिवाय पत्र फाडू नको.

मेळाव्याची चूल मी बंद केली.

पोतेरं देलं असं लिहिलं होतं तुले. ते खरं आहे, पण अर्धं. सुरवातीचे दिवस मी वरून हात फिरवला, रीत म्हणून. मेळाव्याआधीच्या शुक्रवारी तुले पत्र टाकलं आणि तिथूनच पटांगणात गेली. सुतळीनं बांधलेला फलक लावला होता कोणीतरी, तुह्या नावाचा. "प्रात्यक्षिक: कु. उत्तरा". मी उभी राहून तो वाचला. मंग मनगटापर्यंत हात वाटेत घातला आणि आतून शेणामातीचा जाड थर देला. शनिवारी पुन्हा देला. रविवारी पहाटे, तुम्ही यायच्या आधी, तिसरा. तू जे सांगतलं होतं ते ऐकूनच केलं. कमी झाली की उलटा येतो, हे तुह्याच तोंडून शिकली होती ना मी. वरून चूल सुंदर दिसत होती. तू आल्याबरोबर म्हणाली, "वहिनी, किती छान राखली!" आणि माह्या गळ्यात पडली. मी तुले आवळून धरलं नाही, हात शेणाचे आहेत असं म्हणाली.

आत्याबाई पुढं बसणार आहेत हे मले माहीत होतं. हे लपवत नाही. मले वाटलं थोडा धूर होईल, लोक हसतील, तुहा तोरा उतरेल, आणि मंग कोणीतरी म्हणेल वहिनीले विचारा. एवढंच पाहिजे होतं मले. कोणीतरी मले विचारावं. त्यासाठी एका म्हातारीची छाती गेली.

जळत होती मी, उत्तरा. तुह्या नोकरीवर, तुह्या फोटोवर, तुह्या मायच्या त्या नजरेवर, एसटीत खिडकीशी बसतेस त्यावरबी. रोज चुलीपुढं बसून जळत होती आणि म्हणत होती धुरानं डोळे लाल झाले.

मी हे सांगतलं नसतं. खरंच सांगते, पंचवीस तारीख निघून जाऊ देली असती. तू आली असती परत, कुठं लग्न करून गेली असती, आणि गल्लीतली चूल घालणारी मी एकटीच राहिली असती. पण गेल्या आठवड्यात घरच्या चुलीनं धूर मागं फेकला.

माही चूल. जिच्यावर माहा राग नव्हता. आधी थोडा, मंग रोज, मंग एवढा की आत्याबाई उठून बाहेर गेल्या. मी धुराडं झटकलं, सरपण बदललं. शेवटी वाटेत हात घातला, तर हात जाईना. दोन बोटंच आत गेली. उलथन्यानं खरवडलं तर पापुद्र्यासारखे थर निघाले, रोजच्या पोतेऱ्याचे. सकाळ-संध्याकाळ हात फिरवते ना मी, तोंडाच्या कडेवर, जरा आत, पुन्हा जरा आत. माया करून, चूल लख्ख दिसावी म्हणून. जे तीन दिवसांत दावा धरून केलं होतं, तेच महिनाभरात रीत म्हणून आपोआप झालं.

मी तिथंच फतकल मारून बसली. म्हटलं, अवं, साठ घरांत तुह्या चुली झाल्या असत्या तर साठ बायाईनं हेच केलं असतं. दसऱ्यापर्यंत साठही चुली धुरावर आल्या असत्या, आणि सगळ्याईनं म्हटलं असतं, शिकलेल्या पोरीनं फसवलं. तू घरोघर जाऊन माप घेतलं असतं, आणि तुले समजलंच नसतं काहून. तुमच्या संस्थेनं मेळाव्यात वाटलेल्या पुस्तिकेतलं चित्र मी पुन्हा पाह्यलं. चुलीपुढं बाई बसली आहे, हात मांडीवर ठेवून. सकाळी चुलीपुढच्या बाईच्या हातात पोतेरं असते, हे चित्र काढणाऱ्याले कोणी सांगतलं नाही. तुलेबी आठवलं नाही, कारण या घरात पोतेरं कधी तुह्या हाती येऊच देलं नाही. ते मी देत होती.

तिथून उठून पटांगणात गेली. तुही चूल आहे अजून. एक कोपरा बकऱ्याईनं फोडला. मी बसून तिचं पोतेरं नखानं सोलून काढलं, आतलं आणि बाहेरचं. खाली तुही चार बोटं तशीच होती, करंगळीजवळची ती वाकडी रेघसुद्धा. लहानपणी विळीवर कापलं होतं, मी हळद भरली होती त्यात. मले तिथं रडू आलं. कोणी नव्हतं म्हणून मोठ्यानं रडली.

घरी येऊन आत्याबाईले सांगतलं. सगळं, आताच तुले लिहिलं तसं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "आणि त्याच हातानं मले पेज पाजली तू?" मी हो म्हटलं. मंग उठल्या, काठी घेतली आणि रुखमाबाईकडे गेल्या. आठ दिवस झाले, तिथंच जेवतात. गल्लीले कारण माहीत नाही, मी भांडली असं वाटते. तुहे दादा माह्याशी बोलत नाहीत. काल आत्याबाई दारापर्यंत आल्या, आत आल्या नाहीत. "लिहिलं काय तिले?" विचारलं. मी नाही म्हटलं. "मंग मी काय म्हणून येऊ?" म्हणाल्या आणि परत गेल्या.

आता दांडक्याचं. बाभळीचं आहे, तुह्या ठशावर ठेवून तासलं, जाडी चार बोटांची बरोबर. एक टोक गोल घासलं आहे. पोतेरं देऊन झालं की ओलं असतानाच हे पुढच्या तोंडातून आत घालायचं आणि मागच्या तोंडापर्यंत ढकलायचं. गेलं तर वाट मोकळी. अडलं तर जास्तीची माती तेच काढून आणते. बायाईले पोतेरं देऊ नका म्हणू नको, त्या ऐकणार नाहीत, मीबी ऐकणार नाही. चुलीसोबत दांडकं दे. धुराड्याले खिळा मारून तिथंच टांगून ठेवायचं. मी आठ दिवस करून पाहून राहिली, धूर नाही. रुखमाबाईच्या सुनेलेबी करून दाखवलं, तिले एका घडीत समजलं.

तर पंचवीस तारखेले राजीनामा घेऊन जाऊ नको. हे दांडकं घेऊन जा.

माही जळजळ गेली असं समजू नको. गेली नाही. पुन्हा पेपरात तुहा फोटो येईल, आत्याबाई पुन्हा खळ करतील, आणि मी पुन्हा आतून पेटेन. पण आता मी त्याचं काय करू शकते हे मले माहीत आहे, आणि मले त्याची भीती वाटते. तू मले माफ कर असं लिहीत नाही. केलं तरी मायच्या छातीचं तू काय करशील?

एकच मागते. मेळाव्याचा अहवाल भैय्याजीनं दाखवला मले. त्यात तुहं नाव आहे, शोभाताईचं आहे, भैय्याजीचं तीनदा आहे. माह्याबद्दल लिहिलं आहे, "एका स्थानिक महिलेने ऐनवेळी सहकार्य केले". बैठकीत हे पत्र वाचून दाखव. सगळं वाच, काही गाळू नको. आणि जिथं चूल बंद केल्याचं येते तिथं "माझ्या वहिनीनं" असं म्हणू नको. अठरा वर्षं मी वहिनी आहे, सून आहे, स्थानिक महिला आहे. कोणत्याही सभेत माहं नाव कोणी घेतलं नाही. पहिल्यांदा घेतलं जाईल ते यासाठी, हे मले समजते. तरी घे. मोठ्यानं घे, मागच्या रांगेपर्यंत जाईल असं. चूल जयवंतानं बंद केली.

दांडकंबी तिनंच धाडलं, हे सांगायचं की नाही ते तू पाह्य.

जयवंता